आकड्यांची साक्ष

खोटी साक्ष न देण्याविषयीची आठवी आज्ञा आपण सर्वांनीच बालपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. ती उच्चारताच डोळ्यांपुढे उभे राहते ते न्यायालय, शपथेवर बोलणारा साक्षीदार, किंवा फार तर गावातील ओट्यावरची कुजबूज. कचेरीतला संगणक आणि त्यावरील रंगीत आलेख या आज्ञेच्या संदर्भात सहसा कुणाला आठवत नाहीत. परंतु आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण-तरुणी बँका, विमा कंपन्या, रुग्णालये आणि संगणक-उद्योगात नोकरी करतात. तेथे एका माणसाविषयी दुसऱ्यापुढे जी साक्ष दिली जाते, ती बहुतांशी आकड्यांच्या रूपाने. तेव्हा प्रश्न असा की, आठवी आज्ञा आकड्यालाही लागू आहे काय?

ज्या साधनांमुळे हा प्रश्न निकडीचा झाला त्यांना ‘सेल्फ-सर्व्हिस बिझनेस इंटेलिजन्स’ असे लांबलचक नाव आहे. ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्दप्रयोग तसा जुना. १९५८ साली आयबीएममधील हान्स पीटर लून या संशोधकाने त्या नावाने एका यंत्रणेचा आराखडा मांडला होता. ज्याला जी माहिती उपयोगी, ती त्याच्यापर्यंत पोहोचावी, हा त्यामागील विचार. प्रत्यक्षात मात्र पुढील अनेक वर्षे कचेऱ्यांतील माहितीच्या किल्ल्या संगणक विभागाकडेच राहिल्या. एखाद्या व्यवस्थापकाला गेल्या तीन महिन्यांची शाखावार विक्री पाहावयाची असली, तर त्याने त्या विभागाकडे मागणी नोंदवावी, तेथील जाणकारांनी सवडीने तक्ता तयार करावा, आणि तो हाती येईपर्यंत मूळ प्रश्नच शिळा व्हावा, अशी रीत होती. २००३ साली स्थापन झालेली टॅब्लो ही कंपनी, २०१५ साली मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुले केलेले पॉवर बीआय, आणि त्यांच्यासारखी इतर साधने यांनी ही रीत बदलली. संगणकाची भाषा न शिकलेला कर्मचारीही आता माहितीच्या साठ्याला स्वतः जोडणी करतो, माऊसने रकाने ओढून आलेख उभे करतो, त्यांचा एक फलक, म्हणजेच डॅशबोर्ड, रचतो आणि एक बटण दाबून तो शंभर सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवतो. भोजनालयात आपले ताट आपणच वाढून घ्यावे, तसे हे.

यात चांगले काहीच नाही असे मानणे अन्यायाचे होईल. माहिती मूठभरांच्या हाती राहते तेव्हा ती सत्ता बनते, आणि सत्तेला अंधार मानवतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेऊन रुग्णांमध्ये फिरणारी परिचारिका म्हणून ओळखतो. पण आकड्यांच्या साहाय्यानेही त्यांनी मोठी सेवा केली. क्रिमियाच्या युद्धात रणांगणावरील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक दगावले, हे सत्य त्यांनी १८५८ साली एका वर्तुळाकार रंगीत आलेखातून ब्रिटिश राज्यकर्त्यांपुढे मांडले. कोरड्या तक्त्यात जे दडले असते, ते त्या आलेखाने नजरेत भरवले. आज एखाद्या रुग्णालयातील परिचारिका कोणत्या कक्षात जंतुसंसर्ग वाढतो आहे हे स्वतःच शोधू शकत असेल, तर तो दिवा मापाखालून काढून दिवठणीवर ठेवण्याचाच प्रकार होय.

मात्र साधन सुलभ झाले म्हणजे जबाबदारीही सर्वांत वाटली जाते. पूर्वी तक्ता करणारा कारकून आकडे तपासून पाही, आणि तो कोणाकडे जातो यावर कोणाची तरी सही असे. आता तपासणारा, मांडणारा आणि वाटणारा एकच. बटणावर ज्याचे बोट, तोच साक्षीदार.

१९९२ साली संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आठव्या आज्ञेच्या विवेचनात शेजाऱ्याच्या सन्मानाविरुद्ध घडणारे तीन दोष वेगवेगळे सांगितले आहेत. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात दुसऱ्याला दोषी ठरवणे, हा अविचारी निवाडा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापुढे दुसऱ्याचे खरे उणे सबळ कारणावाचून उघडे करणे, ही निंदा. आणि असत्य सांगून त्याचे नाव बिघडवणे, हा खोटा आळ. हे तिन्ही दोष तोंडातून एक शब्दही न काढता घडू शकतात.

पहिला दोष पाहू. समजा, बँकेच्या एका शाखेत दोन खिडक्यांवर दोन महिला कर्मचारी बसतात. एकीला प्रत्येक ग्राहकामागे सरासरी चार मिनिटे लागतात, दुसरीला नऊ. फलकावर पहिलीच्या नावापुढे हिरवा रंग उमटतो, दुसरीच्या नावापुढे तांबडा. शहरातील मुख्य कचेरीत बसलेला अधिकारी तो तांबडा ठिपका पाहतो आणि तिच्या आळशीपणाविषयी त्याचे मत बनते. निवृत्तिवेतनाच्या दिवसांत म्हातारी माणसे आवर्जून तिच्याच रांगेत उभी राहतात. ती मोठ्याने बोलते, पासबुक समजावून सांगते, ज्याच्या अंगठ्याचा ठसा यंत्र ओळखत नाही त्याला पुन्हा पुन्हा प्रयत्न करू देते, हे त्या फलकावर कोठेच नसते. नऊ मिनिटे हा आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. शिवाय कितव्या मिनिटापासून तांबडा रंग लागावा हेदेखील कुणा माणसानेच ठरवलेले असते. पण एकदा पडद्यावर आले की ते निसर्गनियमासारखे भासू लागते.

लोयोलाच्या संत इग्नाती यांनी आपल्या अध्यात्मसाधनेच्या आरंभीच एक पथ्य घालून दिले आहे: दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावण्यास आपण तत्पर असावे, आणि तसा अर्थ लागत नसेल तर त्याला काय म्हणावयाचे आहे हे त्यालाच विचारावे. धर्मशिक्षणाच्या ग्रंथानेही अविचारी निवाड्यावर हाच उतारा सांगितला आहे. तांबड्या ठिपक्याला हे पथ्य लावावयाचे, तर निवाड्यापूर्वी त्या खिडकीपर्यंत चालत जावे लागेल, निदान दूरध्वनी तरी करावा लागेल.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे, कारण येथे सांगितलेले खरे असते. २०२० साली मायक्रोसॉफ्टने ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ नावाची सोय आपल्या ग्राहक-संस्थांना दिली. कर्मचारी किती दिवस ई-मेल पाठवतो, बैठकांत कॅमेरा सुरू ठेवतो की नाही, अशा गोष्टी तीत व्यक्तीच्या नावानिशी पाहता येत होत्या. त्यावर जाहीर टीका झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या आरंभी कंपनीने व्यक्तींची नावे त्यातून काढून टाकण्याचे जाहीर केले. नावे गेली तरी संपूर्ण संस्थेचे चित्र पाहता येणारच होते. मग नावांची गरज होती कशासाठी? प्रत्येक कचेरीने हा प्रश्न स्वतःला विचारावा. ‘या महिन्यातील शेवटचे पाच’ अशी यादी सर्वांच्या पडद्यावर झळकते तेव्हा त्यातील प्रत्येक आकडा कदाचित बिनचूक असतो. पण त्या पाचांपैकी एकाची आई अंथरुणाला खिळलेली आहे, हे त्याने फक्त आपल्या वरिष्ठाला सांगितलेले असते.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने चुकलेल्या बंधूशी कसे वागावे याचा क्रम घालून दिला आहे. आधी त्याला एकांतात गाठावे. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे. आणि त्यानंतरच गोष्ट मंडळीपुढे न्यावी. सर्वांना एकाच वेळी दिसणारा फलक हा क्रम उलटा करतो. मंडळीला आधी कळते, बंधूला सर्वांत शेवटी. आणि तेही सहकाऱ्यांच्या नजरांतून.

अशी साक्ष मागे घेणेही कठीण असते. संत फिलिप नेरी यांची कथा आपण प्रवचनांतून ऐकली आहे: निंदा करणाऱ्या स्त्रीला त्यांनी कोंबडीची पिसे वाटेवर उपटत येण्यास सांगितले आणि मग ती सारी वेचून आणावयास लावली. माहिती वाटणाऱ्यांनी ही पिसे कशी उडतात हे समजून घेतले पाहिजे. पॉवर बीआयसारख्या साधनात प्रत्येकाला आपापल्याच ओळी दिसाव्यात असे बंधन घालता येते; पण ते कुणीतरी आठवणीने घालावे लागते. रकाना केवळ नजरेआड केला म्हणजे तो सुरक्षित झाला असे नाही. सरासरी दाखवणाऱ्या आलेखामागील मूळ नोंदी, परवानगी मोकळी ठेवली असेल तर, बाहेर उतरवून घेता येतात. अहवाल आंतरजालावर जाहीर करण्याची जी सोय आहे तिच्यातून तो कोणत्याही संकेतशब्दावाचून जगातील कोणालाही दिसू शकतो. हे न जाणता बटण दाबणे म्हणजे वारा सुटलेला असताना पोत्याचे तोंड उघडे ठेवणे होय.

तिसऱ्या दोषाचे उदाहरण इंग्लंडमधील आहे, आणि ते हृदय पिळवटून टाकणारे आहे. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबप्रणाली बसवली. ती विश्लेषणाचे साधन नसून हिशेबाची वही होती; पण आपल्या प्रश्नाचे मर्म तिच्यात उघडे पडते. या प्रणालीतील दोषांमुळे अनेक शाखांत नसलेली तूट दिसू लागली. शाखा चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांवर चोरीचे व अफरातफरीचे आरोप आले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीवन संपवले. पडद्यावरील तूट त्यांना दिसत होती, पण ती कशी उद्भवली हे शोधण्याइतकी आतली माहिती त्यांच्या हाती नव्हती. अशी अडचण फक्त तुमचीच आहे, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे सांगितले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निर्णय दिला, आणि मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकत्रित रद्द केल्या. यंत्राला द्वेष नव्हता, मत्सर नव्हता. तरीही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दिली गेली, आणि ती पडताळून न पाहणारी माणसेच होती.

या घटनेत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ज्याच्याविषयी आकडा बोलतो, त्याला तो आकडा पाहण्याचा, त्याच्या मुळाशी जाण्याचा आणि त्याला उत्तर देण्याचा हक्क असला पाहिजे. ‘सेल्फ-सर्व्हिस’ साधनांचा खरा नैतिक लाभ कोणता असेल तर हाच. वरच्याने खालच्यांकडे पाहण्याची दुर्बीण म्हणून ती वापरली, तर जुनाच अन्याय अधिक वेगाने होईल. खालच्यालाही आपली नोंद उघडून पाहता आली, तर तीच साधने न्यायाच्या उपयोगी पडतील.

येथे कुणी विचारील: पगार देणाऱ्याला कामाचा हिशेब मागण्याचा हक्क नाही काय? आहेच. लूकच्या शुभवर्तमानातील धन्याने कारभाऱ्याकडे हिशेब मागितलाच होता. परंतु त्याने तो त्याला समोर बोलावून मागितला. आणि पवित्र शास्त्राला मोजणीचे वावडे आहे असेही नाही. गणना या पुस्तकाच्या आरंभी परमेश्वराच्याच आज्ञेने इस्राएली पुरुषांची मोजदाद होते, आणि तीत प्रत्येकाची नोंद नावानिशी होते. दावीद राजाने मात्र यवाब या सेनापतीने परोपरीने परावृत्त केले असतानाही केवळ तलवार चालवणाऱ्यांची संख्या मोजविली, आणि त्याचे मन त्याला खाऊ लागले. शंभरातील एक मेंढरू हरवले हे मेंढपाळाला कळते, तेही मोजणीमुळेच. मोजावे की मोजू नये असा हा वाद नाही. मोजून झाल्यावर आपण कोणाच्या शोधात निघतो, की केवळ आपले बळ पाहून सुखावतो, हे तपासावयाचे आहे.

हे काम कायद्यावर सोपवून चालणार नाही. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु नोकरीच्या प्रयोजनांसाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरण्यास त्यात वाव ठेवलेला आहे. त्या वावात कसे वागावे हे सदसद्विवेकानेच ठरवावे लागते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या प्रतिष्ठेचा पुरस्कार केला. १९८१ साली ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी काम हे माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, असे प्रतिपादन केले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले ते सांगताना त्याच परंपरेचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या आव्हानाचा उल्लेख केला. गिरणीच्या भोंग्यापासून संगणकाच्या फलकापर्यंत साधने बदलली. माणसाला आकड्याहून मोठा मानण्याचे कर्तव्य बदललेले नाही.

म्हणून, अहवाल पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. यात एखाद्या व्यक्तीविषयी काही सांगितले जात आहे काय, आणि असल्यास मी तिला आधी विचारले आहे काय? ज्यांच्याकडे हे जाणार आहे त्या प्रत्येकाला ते कळणे खरोखर आवश्यक आहे काय? आणि ज्याच्याविषयी हे आहे, त्याला ते पाहता येईल व खोडून काढता येईल काय? हे प्रश्न विचारावयास मिनिटभर लागेल, आणि त्या मिनिटामुळे कदाचित आपल्याच नावापुढे तांबडा ठिपका उमटेल. तो पत्करावा.

एवढे करूनही चूक होईलच. अशा वेळी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे: सत्याविरुद्ध घडलेल्या अपराधाची क्षमा मिळाली, तरी झालेल्या हानीची भरपाई करण्याचे कर्तव्य उरते. चोरलेला पैसा परत करावा लागतो, तसे हिरावलेले नावही परत करावे लागते. चुकीचा अहवाल मुकाट्याने दुरुस्त करून जुन्याच्या जागी नवा ठेवणे पुरेसे नाही. तो पहिल्यांदा ज्या शंभर जणांना गेला, त्या शंभरही जणांना दुरुस्ती गेली पाहिजे, त्याच ठळकपणे, आणि कोणाविषयी चूक झाली होती हे त्या व्यक्तीच्या संमतीने सांगून. फिलिप नेरींच्या कथेतील स्त्रीला सर्व पिसे सापडणार नव्हती. तरी त्यांनी तिला परत त्या वाटेवर धाडले होते.