नायकाचा केसपेपर

कुरुक्षेत्रावर कृष्णाने अर्जुनाला आधी टोमणाच मारला होता, आणि तो टोमणा वाया गेला होता. पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःची अवस्था सांगतो ती कोणत्याही डॉक्टरने लिहून घ्यावी अशी आहे. हातपाय गळालेत, तोंडाला कोरड पडलीय, अंग कापतंय, कातडीची आग होतेय, मन भोवंडतंय. शेवटी तो म्हणतो, मी हातात शस्त्र न धरता उभा असताना कौरवांनी मला मारलं तरी बरं होईल. यावर कृष्ण त्याला पौरुषाची आठवण देतो, हा दुबळेपणा तुला शोभत नाही म्हणतो. अर्जुन उठत नाही. लढणार नाही एवढं सांगून तो गप्प बसतो. त्यानंतर कृष्ण खऱ्या अर्थाने बोलायला लागतो, आणि ते बोलणं अठराव्या अध्यायापर्यंत चालतं. मधे अर्जुन शंका काढतो, गोंधळतो, तेच तेच पुन्हा विचारतो, आणि समोरचा कंटाळत नाही.

आपल्या दूरदर्शनी नायकांच्या वाट्याला यातला फक्त टोमणा आला आहे.

ऐतिहासिक मालिकेतला राजा खचतो तेव्हा काय होतं, ते सगळ्यांना पाठ आहे. पडदे ओढलेले, एक समई, सारंगीचा सूर. मग आईसाहेब येतात किंवा एखादा म्हातारा सरदार येतो. दोन मिनिटांचं भाषण होतं, त्यात रक्त, माती आणि बाप या तीन गोष्टी येतात. नायकाच्या डोळ्यांत अंगार, ढोलताशे, पुढचा प्रसंग. कौटुंबिक मालिकेत सरदाराच्या जागी सासरे असतात, एवढाच फरक. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ने (१९८८ ते १९९०, एकूण ९४ भाग) निदान गीतेला एकाहून जास्त भाग दिले होते. नितीश भारद्वाजांचा कृष्ण अर्जुनाचं ऐकताना दिसला होता. आजच्या दैनंदिन मालिकेला त्याच्या कितीतरी पट वेळ मिळतो. एक चहाचा कप पडला तर सात चेहऱ्यांवर कॅमेरा तीन-तीनदा फिरतो. पण नायकाचं नैराश्य मात्र जाहिरातीच्या आत आटोपावं लागतं.

हे मी वाशीमकडे बघून लिहितो आहे, म्हणून मला ते गमतीचं वाटत नाही. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात याचं नाव होतं. त्याआधी इथल्या लोकांना वत्सगुल्म, वाकाटक, पोहरादेवी, कारंज्याचे गुरुमहाराज हे सांगायला आवडायचं. आता बाहेरचा माणूस वाशीम म्हटलं की एकच विषय काढतो.

सोयाबीनच्या शेंगा भरायच्या दिवसांत मालेगाव तालुक्यातल्या एका गावी एका आशाताईंसोबत ओसरीवर बसलो होतो. राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत आशांनी घरोघर जाऊन मनाची विचारपूस करायची असते. वाशीम त्यातलाच एक. घरातला टीव्ही चालू होता, कुठलातरी किल्ला लढवला जात होता. पिकावर पिवळा मोझॅक पडलेला, घरधनी खाटेवर. आशाताई कागद बघून विचारत होत्या, “झोप लागते काय, भाऊ?” लागते. “जेवणावर मन हाये?” हाये. प्रत्येक उत्तराला त्याची नजर पडद्यावर. शेवटचा प्रश्न विचारताना ताईंचा आवाज आपोआप खाली आला. जगून काय करावं, असं कधी मनात येते काय? तेव्हा कुठे त्याने आमच्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, “आमी काय बायामाणूस हावो काय, ताई?”

ताईंनी खूण केली आणि उठल्या. त्या माणसाला काही झालं नव्हतं असंही असू शकेल. पण त्याला काही होत असतं, तर ते सांगायला त्याच्याजवळ दुसरं वाक्य नव्हतं. पडद्यावरच्या मर्दांनी त्याला ते दिलेलंच नाही.

मालिकांनी हे विषय टाळावेत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. भीती खोटी नाही, हे मान्य. १९८१ मध्ये जर्मनीत एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येवर सहा भागांची मालिका झाली, १९८२ मध्ये ती पुन्हा दाखवली. नंतर संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा त्याच पद्धतीने जीव देणाऱ्या तरुण मुलांची संख्या त्या काळात वाढलेली आढळली. मालिकेत तो मृत्यू भागाभागातून पुन्हा समोर यायचा. म्हणून कृती दाखवू नये, तिला तेजोवलय देऊ नये, हे जगभर सांगितलं जातं. पण २०१० मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी उलटही दाखवून दिलं. माणूस त्या विचारापर्यंत जातो आणि मार्ग सापडून परत फिरतो, अशा कहाण्यांनंतर आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं त्यांना दिसलं. या परिणामाला त्यांनी नाव दिलं ते मोझार्टच्या १७९१ च्या संगीतिकेतल्या पापागेनोचं. तो मरायला निघतो तेव्हा तीन मुलं त्याला थांबवतात.

आपल्याला व्हिएन्नापर्यंत जायचीही गरज नाही. ज्ञानेश्वरांवर मालिका काढायची तर दोन प्रसंग टाळता येत नाहीत. एक विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंचा, दुसरा ताटीचा. पहिल्यात मुलांना समाजाने स्वीकारावं म्हणून आईबाप देह टाकतात. पडद्यावर हा प्रसंग बहुधा उजेडाने भरलेला असतो, मागे टाळ वाजत असतात. मला त्याची धास्ती वाटते. ‘आपण बाजूला झालो की पोरांचं भलं होईल’ हा विचार आजही कर्जात बुडालेल्या बापाच्या डोक्यात जसाच्या तसा बसलेला असतो. एका लाखाची मदत, ‘पात्र’ की ‘अपात्र’ हा शेरा, सात-बाऱ्यावरचा बोजा, हे सगळं मागे राहिलेल्या बाईला निस्तरावं लागतं, हे त्याला कुणी दाखवत नाही. खरं तर ज्ञानदेवांच्या कथेतच ते आहे! आईबाप गेले तरी चार पोरांना कुणी जवळ केलं नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावंच लागलं. प्रायश्चित्ताने काहीएक सुटलं नाही. मालिकेने टाळ थांबवून या मुलांच्या पैठणच्या वाटेवर चार भाग घालवले, तर तो प्रसंग वेगळा कळेल.

दुसरा प्रसंग त्याच घरातला. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसतो. जगाला पुढे माउली वाटणारा हा मुलगा त्या दिवशी कुणाशी बोलायला तयार नाही. धाकटी मुक्ता बाहेर बसून त्याला दार उघडायला विनवते. ती त्याला भ्याड म्हणत नाही. समजावते, थोडं रागावते, पुन्हा समजावते, आणि एवढं करूनही उठून जात नाही. नायकाच्या विषादाचा असा प्रसंग मराठीत शतकानुशतकं गायला जातो, आणि आमच्या पटकथाकारांना अजून ढोलताशेच सुचतात. याच ज्ञानदेवाने पुढे ज्ञानेश्वरीत अर्जुनासाठी भुंग्याचा दाखला दिला. कोरडं लाकूड पोखरून जाणारा भुंगा कमळाच्या मऊ कळीत मात्र अडकतो. दार लावून बसण्याचा अनुभव असल्यावाचून हे सुचलं असेल, असं मला वाटत नाही.

सिनेमाने यातलं थोडंफार ओळखलं. सतीश मनवरांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका आपल्या नवऱ्यावर, किसनावर, नजर ठेवायला लागते. त्याच्या आवडीचं रांधते, लहानग्या दिनूला त्याच्या मागे धाडते. सोनाली कुलकर्णींच्या त्या सावध डोळ्यांत वऱ्हाडातल्या हजारो बायकांची रात्र आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं. त्यात जीव द्यायला निघालेल्या मुलाला सावरते ती स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी. निर्माते मोहन आगाशे मुळात मानसोपचारतज्ज्ञ, म्हणून असेल, चित्रपटाला कुठेही घाई नाही. पण असे चित्रपट मालेगावच्या ओसरीवर पोचत नाहीत. तिथे पोचते ती रात्री आठची मालिका.

घाई नसणं म्हणजे काय, त्याचा पुरावा शेजारच्या जिल्ह्यात आहे. अमरावतीच्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलून, लक्षणं सांगून, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत नेऊन काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त हे छापून आलं. भाषण कुणी ठोकलं नव्हतं. लोक फक्त पुन्हा पुन्हा त्याच दारात गेले होते. अर्थात भाव पडला, विहीर आटली, बँकेने नोटीस धाडली, तर गोळीने भाव वाढत नाही. नैराश्याच्या नावाखाली सरकारला सुटू देणं हा दुसरा गुन्हा होईल. पण नोटीस हातात असलेला माणूस वाचला तरच तो भावासाठी भांडणार आहे.

‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका आपल्या नागपुरी बोलीसकट महाराष्ट्राच्या घराघरांत गेली, तेव्हा इकडच्या बायकांना केवढा हुरूप आला होता. म्हणजे पडद्यावर आपल्यासारखं कुणी दिसलं की माणसं बघतात. मला वऱ्हाडी बोलणारा, अंगापिंडाने दणकट, गावात मान असलेला नायक हवा आहे. त्याने एका भागात कबूल करावं की चार वाजता जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. पडद्यावर कुणी विडी पेटवली की खाली वैधानिक इशारा येतो. नायक विहिरीच्या काठाशी उभा राहतो तेव्हा खाली काहीच येत नाही. तिथे १४४१६ हा टेली-मानसचा आकडा यायला किती खर्च आहे? ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पुढच्या भागात हा नायक जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागासमोरच्या बाकावर बसलेला दिसावा. हातात केसपेपर, शेजारी बायको, समोर ओळखीचा कुणी निघाला म्हणून मान खाली. गोळ्या मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात काही फरक नाही, तोंड कोरडं पडतं, तो चिडतो, सोडून द्यावं म्हणतो. या औषधांना गुण यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. आठवड्याला सहा भाग धरले तर ते अठरा ते चोवीस भाग झाले. आमच्या वाहिन्या तेवढ्यात एका हळदीचा मुहूर्त काढतात.