वजनकाटा वर्गाबाहेर

प्रगतिपुस्तकाच्या आतल्या पानावर उंची आणि वजन असे दोन रकाने असतात. मी ते बावीस वर्षं भरले. एकेकाला काट्यावर उभं करायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा आणि मॉनिटरनं तो वहीत उतरवायचा. एकदा सातवीतल्या एका मुलीचा आकडा मी उच्चारला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्यानंतर मधल्या सुट्टीत ती डबा उघडेना. विचारलं की म्हणायची, "बाई, आज उपवास आहे." सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आपल्याकडे उपवासाचं कारण कुणी विचारत नाही. उलट कौतुकच होतं. मीही केलं. तिला ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं टाळत जाण्याचा आजार, झाल्याचं निदान व्हायला पुढं दीड वर्ष गेलं.

माझ्या त्या एका उच्चारानं आजार झाला, असं कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही. आनुवंशिकता, स्वभाव, घरातलं वातावरण असं बरंच काही त्यामागे असतं. पण जे शाळेच्या हातात आहे, त्यात पहिला येतो तो काटा. वजन करून पालकांना कळवलं की मुलं निरोगी होतात, ही समजूत कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांमध्ये तपासली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अहवाल घरी पाठवून मुलांच्या वजनात काहीच फरक पडला नव्हता. शाळेत ज्यांचं वजन केलं गेलं, त्यांचं स्वतःच्या वजनाबद्दलचं समाधान मात्र अधिक घटलं आणि मुलामुलींमध्ये वजनाच्या गप्पा वाढल्या.

या गप्पा किती लवकर मुरतात, ते फिजीत दिसलं. तिथं भरलेलं शरीर मानाचं होतं. कुणी वाळलं की घरच्यांना काळजी लागायची. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. ॲन बेकर या संशोधिकेनं तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ओकारी काढणारी एकही मुलगी पहिल्या खेपेला नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के होतं. पाहणी लहान होती, पण तो टीव्ही घरातल्या एका कोपऱ्यात असायचा. आजचा फोन मुलीच्या उशाशी असतो.

"थोडं डाएट केलं तर बिघडलं काय?" असं पालक विचारतात. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. बारीक व्हायची हौस त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती. तरी ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. पुढं पोटभर मिळू लागल्यावरही काहींना खाणं थांबवता येईना. उपाशी मेंदू असाच वागतो. वाढीच्या वयातल्या मुलीला त्यातून सूट कशी मिळेल?

मग शाळेनं करावं काय? खाण्याशी निगडित आजारांवर भीतिदायक व्याख्यानं ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ओकारी कशी काढतात, किती दिवस उपाशी राहतात, हे ऐकून एखादी मुलगी तेच शिकून जाते. एरिक स्टाइस यांच्या 'बॉडी प्रोजेक्ट'ची वाट मला जास्त पटते. त्यात मोठ्यांनी उपदेश करायचा नसतो. सडपातळपणाच्या हट्टाविरुद्ध मुलीच बोलतात, लिहितात, एकमेकींना पटवतात. आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं मनात टिकतं. मराठीच्या तासाला जाहिरातीची चिरफाड करायला दिली तर हेच साधेल. मुलगे त्यातून वगळू नयेत. दंडांसाठी प्रोटीन पावडरचे डबे फस्त करणारा नववीतला मुलगाही त्याच फेऱ्यात आहे.

२०२५ मध्ये सीबीएसईनं शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. शीतपेयात साखर किती, हे मुलांना जरूर कळावं. पण फलकासमोर उभं राहून शिक्षकाचं बोट बाटलीकडेच असावं, वर्गातल्या एखाद्या मुलाकडे वळू नये.

घरातला काटा तर जिभेवरच असतो. या दिवाळीतही फराळाचं ताट पुढं करता करता एखादी आत्या म्हणेल, "किती सुटलीस गं!" आणि लाडवाकडे गेलेला हात मागे येईल. तेवढ्यात आईनं मध्ये पडावं. "वन्सं, आमच्याकडे वजनावर बोलत नाही," इतकं शांतपणे म्हणावं आणि ताट पुन्हा लेकीसमोर सरकवावं.