परत आलेली भीती

उंदराला आठवते की नाही, हे त्याच्या देहालाच विचारावे लागते. ज्या पिंजऱ्यात पायाखालच्या गजांतून विजेचा झटका बसला होता, तिथे त्याला पुन्हा सोडायचे. श्वासाखेरीज काही हलेनासे झाले, तर आठवण शाबूत. हुंगत फिरू लागला, तर गेली.

2007 साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या आंद्रे फिशर, ली-ह्वे त्साय आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी उंदरांना आधी झटका दिला, आठवण मुरू दिली, मग जनुकातल्या बदलाने मेंदूत एक घातक प्रथिन सहा आठवडे तयार होऊ दिले. पेशी मेल्या, मेंदू आक्रसला, उंदीर त्या पिंजऱ्यात निर्धास्त हिंडू लागले. नंतर काहींना चाक, बोगदे, चढायला-लपायला जागा असलेल्या पिंजऱ्यात ठेवले. ते पुन्हा थिजू लागले.

मेलेल्या पेशी उठल्या नव्हत्या, मेंदूचे वजनही भरून आले नव्हते. उरलेल्यांनीच नव्या जोडण्या केल्या होत्या. आठवण पुसली गेली नव्हती, तिच्यापर्यंत जाता येत नव्हते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

याच्या कितीतरी आधी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशलीने उंदरांच्या मेंदूचे भाग काढून आठवणीची जागा शोधण्यात तीसेक वर्षे घातली. 1950 साली त्याने लिहिले ते ती न सापडल्याबद्दल.

डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा वाढवणाऱ्या सोडियम ब्युटिरेट या औषधानेही फिशर-त्साय यांच्या उंदरांची स्मृती सुधारली. औषधाचे महत्त्व आहेच. मला चाकाचे अप्रूप अधिक. चाक, बोगदा, लपायला जागा: शेतातल्या उंदराच्या एका रात्रीपुढे हे किती थोडे! मग ज्या उघड्याबोडक्या पिंजऱ्याला आपण प्रमाण धरतो, तो पिंजराच एक दुखापत नाही का?

उंदरावरून माणसाचा निकाल देऊ नये. पण खाटेवरच्या आजीसमोर “तिला आता काही कळत नाही” असे आपण खुशाल बोलतो, तो निकाल कशावरून?

आणि उंदरांना परत मिळाले ते काय? आपणच दिलेले भय. बरे होण्याचा पुरावा म्हणून आपण त्यांचे थिजणे मोजले, हे मनातून जात नाही. याच प्रयोगमालेत उंदरांना गढूळ पाण्याखाली दडवलेला चौथराही शोधायला लावला होता. तिथेही चाक-बोगद्यांच्या पिंजऱ्यातले उंदीर सरस ठरले. हा निकाल मला जवळचा वाटतो, कारण तिथे आठवण उंदराच्याच कामी येते. ती त्याला पाण्याबाहेर काढते.