निवृत्तांचे वर्ष कोणाचे?

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाला ‘निवृत्ती’ या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. सेवापुस्तिकेत जन्मतारीख नोंदली गेली, की निवृत्तीचा दिवसही त्याच वेळी ठरून जातो. केंद्र सरकारच्या सेवेत ही मर्यादा १९६२ मध्ये पंचावन्न वर्षांवरून अठ्ठावन्न करण्यात आली आणि १९९८ मध्ये साठ. म्हणजे तारीख पुढे गेली, शब्दाचा अर्थ तोच राहिला. आपल्या भाषेत मात्र हा शब्द कचेऱ्यांपेक्षा फार जुना आहे. प्रवृत्ती आणि निवृत्ती या दोन मार्गांपैकी श्रेष्ठ कोणता, हा वाद शतकानुशतके चालत आला, आणि लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले तेही या वादात आपला कौल देण्यासाठीच. त्या वादातील निवृत्ती मनाची आहे. कचेरीतील निवृत्ती खुर्चीची. खुर्ची सुटली आहे, मन मात्र प्रपंचात आहे, अशा माणसाचे पुढचे दिवस कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न या दोन अर्थांच्या मधल्या जागेत तसाच पडून राहिला आहे. तो मला ग्रंथात भेटला नाही. माझ्याच हातच्या एका पत्रात भेटला.

गेली सहा वर्षे मी बेंगळुरूला नेमणुकीवर आहे. आईवडील मिरजेला असतात. गेल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. पत्नी खाजगी कंपनीत नोकरी करते, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मिळणारी सव्वीस आठवड्यांची प्रसूतिरजा संपत आली होती. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रियांना मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळू शकते. पण माझ्यासारख्या विवाहित पुरुष कारकुनाला तिचा उपयोग नाही. तेव्हा परमुलुखात राहणारा नोकरदार अशा वेळी जे करतो, तेच मी केले. वडिलांना पत्र लिहिले. त्यात एक वाक्य होते: ‘तुम्ही दोघे आता रिकामेच आहात, तेव्हा तिकडचे घर बंद करून इकडेच या.’ लिहिताना त्या वाक्यात काही वावगे आहे असे मला मुळीच वाटले नाही.

घरात पाकीट नव्हते, म्हणून वरच्या मजल्यावरील काकांकडे मागायला गेलो. काका केंद्र सरकारच्याच एका कचेरीतून बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मूळचे कोल्हापूरचे, पण शेवटची नेमणूक इथली आणि हवा मानवली, म्हणून इथेच राहिले. मुलगा पुण्यास, मुलगी न्यू जर्सीत. काका पाकीट शोधीत होते तेवढ्यात माझे लक्ष स्वयंपाकघराच्या भिंतीवरील ‘कालनिर्णय’कडे गेले. दुधाचा हिशेब आपण सगळेच त्याच्यावर लिहितो. पण इथे सबंध वर्षच लिहिलेले होते. पाडवा, म्हणजे इकडची युगादी: गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात. वैशाखात पुण्याहून नातवंडे. आषाढात पंढरपूर. भाद्रपदात पुन्हा मंडळाचा गणपती. नवरात्रात शेजारच्या कन्नड घरांतून मांडलेल्या बाहुल्यांचे हळदीकुंकू. कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीची शेंगांची जत्रा. नोव्हेंबर महिन्यावर एकच शब्द होता: ‘हयातीचे’. पेन्शन चालू राहण्यासाठी आपण जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. हल्ली तो टेलिफोनवरूनही देता येतो. परंतु ज्यांना ते यंत्र वश होत नाही अशा डझनभर वृद्धांचे दाखले काका त्या महिन्यात घरोघर जाऊन भरून देतात.

मार्गशीर्षात प्रवास. मागच्या खेपेस ते तंजावरला गेले होते. मल्लेश्वरमचे काडू मल्लेश्वराचे देऊळ आमच्यापैकी बहुतेकांना परिचित आहे. व्यंकोजीराजांच्या काळचा, १६६९ चा, शिलालेख त्या देवळाशी निगडित आहे. काका-काकू दर सोमवारी तिथे जातात. त्याच व्यंकोजींनी पुढे तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापन केले, आणि त्यांच्या वंशातील दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. “राजे गेले घोड्यावरून, आम्ही गेलो रात्रीच्या गाडीने,” असे काका सांगतात. त्या लेखापुढे दोघे अर्धा दिवस अक्षरे लावीत बसली होती. ज्येष्ठांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली, तेव्हापासून प्रवासाचे पैसे ती दरमहा बाजूला काढतात.

या नोंदींत एक गोष्ट ध्यानात आली. काही शाईने केलेल्या होत्या, काही पेन्सिलीने. नातवंडांचे येणे, माघातले पुण्याचे दिवस, मुलीची बोलावणी ही सगळी पेन्सिलीत. मी काहीशा आश्चर्यानेच विचारले, “काकू, मुलांचे तेवढे पेन्सिलीने?”

“पेन्सिलीचे पुढेमागे करता येते. शाईचे हलवायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.” मग कढईखालचा विस्तव बारीक करून त्या म्हणाल्या, “यांची नोकरी सुटली त्या दिवशी कचेरीने हार घातला, नारळ दिला. माझे काम त्याच महिन्यात वाढले. पहिली तीन वर्षे मी पुणे आणि अमेरिका यांच्यात फिरत होते. तिथल्या व्हिसावर सहा महिने राहता येते, ते संपले की पुण्याला. हे इकडे एकटे डबा आणून जेवायचे. जन्मभर म्हणत होतो, निवृत्त झाल्यावर दोघे मिळून हिंडू. ते निवृत्त झाले, आणि दोघे मिळून असे वर्षच राहिले नाही.”

“मुलांनी आग्रह धरला?”

“नाही रे. मुले गुणी आहेत. त्यांनी सक्ती कधीच केली नाही. फक्त नाही म्हणायला जागा ठेवली नाही.”

पाकीट घेऊन मी खाली आलो. पत्र त्यात घातले नाही.

आपल्या परंपरेत या वयाचा विचार झालेलाच नव्हता असे नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगताना तीन खुणा दिल्या आहेत: अंगावर वळ्या दिसू लागणे, केस पांढरे होणे, आणि अपत्याला अपत्य होणे. नातवंडाचे तोंड पाहिले की गृहस्थाने घराबाहेर पडण्यास मोकळे व्हावे, असा तो संकेत. आज खूण तीच राहिली आहे, तिचा अर्थ मात्र उलटा झाला आहे. नातवंडाचा जन्म ही घरात परत बोलावण्याची वेळ ठरली आहे. त्या जुन्या व्यवस्थेतही एक उणीव होती, ती झाकण्याचे कारण नाही. पत्नीला मुलांवर सोपवून जावे किंवा बरोबर घेऊन जावे, असे दोन पर्याय तिथे पुरुषाला दिलेले आहेत. तिला काय हवे हे विचारलेले नाही. स्मृतिकारांनाही ते सुचले नाही आणि कचेरीलाही सुचत नाही. पेन्शनच्या कागदावर दोघांचा एकत्र फोटो लागतो, निवृत्तीची तारीख मात्र एकाच्याच नावापुढे असते.

पेन्शनीच्या बाबतीत आपल्या देशात एक मोठा नैतिक निर्णय झालेला आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्याचे प्रमुख असताना, नकारा खटल्यात असे ठरवले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. केलेल्या सेवेचा तो मागाहून मिळणारा मोबदला आहे. निवृत्त मंडळी १७ डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर-दिन म्हणून पाळतात. पैशाच्या बाबतीत जे तत्त्व आपण मान्य केले, ते वेळेच्या बाबतीत का मान्य करू नये? पस्तीस वर्षे ज्याने सकाळची गाडी गाठली, जिने बदलीगणिक संसार उचलून नव्या गावी मांडला, त्यांचा मोकळा दिवस हीदेखील कमावलेली वस्तू आहे. ती ‘रिकामी’ आहे असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीला बेवारशी समजणे होय.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की मोकळ्या वेळाचा हक्क सांगणे ही सुखवस्तूंची भाषा आहे. काकूंकडे भांडी घासण्यास येणारी बाई साठीपलीकडची आहे. तिला निवृत्तीची तारीख नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत दरमहा २०० रुपयांचा राहिला आहे; त्यात राज्य आपली भर घालते. तिच्या ‘संध्या सुरक्षा’ योजनेच्या अर्जासाठी काकांनी चार खेपा घातल्या, तेव्हा ती रक्कम तिला मिळू लागली. ती मिळूनही तिचे काम सुटलेले नाही. हा आक्षेप मला खोडता येत नाही. एवढेच म्हणता येते, की ज्याचा वेळ त्याच्या हाती होता, तोच त्या चार खेपा घालू शकला. मुलांच्या घरांत वाटून गेलेल्या म्हाताऱ्याला शेजाऱ्यासाठी उठता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडील मोठ्या माणसांनी उतारवयात विश्रांती मागितलीच नाही. महर्षी कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले, आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले. सत्तरी उलटल्यावर, १९२९ मध्ये, त्या विद्यापीठासाठी ते जगाच्या प्रवासाला निघाले. मुंबई इलाख्याच्या सेवेतून बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. दोघांनीही शंभरी पाहिली आणि दोघेही १९६२ मध्ये वारले. एक पुण्यास, दुसरे आमच्या या बेंगळुरूत. मग आपण कोण विश्रांती मागणारे? परंतु या उदाहरणांतून निघतो तो बोध वेगळा आहे. त्यांचा उरलेला वेळ कोणी गृहीत धरला नव्हता. कोठे घालायचा हे त्यांनी ठरवले. सेवा आणि वेठ यांत श्रमाचा फरक नसतो. ठरवणारा कोण, याचा असतो.

म्हणजे मुलांनी मागूच नये काय? असे म्हणणे कोरडेपणाचे होईल. काकू नातवंडांसाठी आजही उठतात; पेन्सिलीने का होईना, त्यांचे वर्ष मुलांनी भरलेले आहे. मागण्याला हरकत नाही. ते कसे मागितले हे पाहावे लागते. आपण कचेरीतली माणसे हा भेद रोज हाताळतो. वरिष्ठांकडून ‘आपल्या सोयीनुसार’ असा शेरा मारलेला कागद येतो, तेव्हा ती सोय कोणाची हे आपल्याला नेमके कळते. ज्याला नकार देता येत नाही ती विनंती नसते. तो मृदू भाषेतला हुकूम असतो. आणि आईबापांना मुलाला नकार देणे हे कोणत्याही साहेबाला नकार देण्यापेक्षा कठीण असते, कारण तिथे भीतीच्या जागी माया असते. म्हणून नकाराची वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येते. आपल्या अडचणीची दुसरी काही सोय न करता त्यांच्या दारी जाणे म्हणजे ती वाट आधीच बंद करणे होय.

मी पाळणाघर शोधले. ते स्वस्त नाही, आणि पहिल्या दिवशी मुलीला तिथे सोडताना आम्हा दोघांनाही जड गेले. मग दुसरे पत्र लिहिले. मिरजेच्या त्या ‘रिकाम्या’ घरातील वर्ष मी पहिल्यांदाच आठवून पाहिले: वडिलांकडे वाचनालयाचा जमाखर्च आहे, आईचे भजनी मंडळ आहे, अधिक तिच्या बहिणीचे आजारपण. पत्रात लिहिले, की इकडची सोय झाली आहे. तुम्हाला केव्हा आणि किती दिवस यावेसे वाटते ते कळवा, न आलात तरी आम्हीच सुटीत येऊ. हे टेलिफोनवर बोललो नाही, कारण टेलिफोनवर माणसाला ताबडतोब ‘हो’ म्हणावे लागते.

आठ दिवसांनी उत्तर आले. वडिलांनी लिहिले होते, की वाचनालयाची वार्षिक सभा आटोपल्याशिवाय आपल्याला हलता येत नाही. खाली आईच्या अक्षरात चार ओळी होत्या. ‘पाळणाघराची फी लिहिलीस, वेळ लिहिलीस. मुलगी कोणावर गेली आहे ते लिहिले नाहीस. इतके परक्यासारखे विचारण्याचे कारण नव्हते. दिवाळीनंतर दोन महिने येते. माघात आमचे भजन आहे, त्याला परत जाईन.’

तिचा राग मला पटला. माझ्या पत्रातली काळजी तिच्यापर्यंत परकेपणा होऊन पोचली होती. मायेने मागणे आणि मोकळे सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात कशा लिहाव्यात, हे मला अद्याप नीटसे साधलेले नाही. तिच्या येण्याचे दोन महिने आम्ही आमच्या भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर लिहून ठेवले आहेत. माघातील तिची जाण्याची तारीख शाईने लिहिली आहे.