सवारीचा हिशेब

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन शहरांमध्ये साधारण शंभर किलोमीटरचे अंतर आहे. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी गावे मागे टाकीत जाणारा हा रस्ता कित्येक वर्षे खड्ड्यांसाठी आणि रखडलेल्या कामासाठीच ओळखला जाई. जून 2022 मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 वर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्याच वर्षी 11 डिसेंबर रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. हा मार्गही अमरावती, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो.

रस्ता बदलला की त्यावरील वाहनेही बदलतात. ज्या घरात काल एक दुचाकी होती तेथे आज मोटार आहे. ज्या घरात साधी मोटार होती तेथे आता तिच्याहून मोठी, महागडी, स्वतःहून ब्रेक लावणारी आणि पट्टा सोडला तर चालकाला सावध करणारी मोटार घेण्याचा विचार चालू आहे. अशा वेळी घरोघरी एक प्रश्न निघतो. एवढी महागडी गाडी आणि या आधुनिक सुविधा घेण्यासारख्या आहेत काय? मुस्लिम कुटुंबात या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. हे घेणे अल्लाहला पसंत पडेल काय?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे तयारच असतात. एक म्हणते, ऐपत आहे, हलाल कमाई आहे, तर घ्यावी. त्यात विचारायचे काय? दुसरे म्हणते, ही सारी दुनियादारी आहे. मोमिनाला साधी गाडी पुरे. दोन्ही उत्तरे ऐकायला सोपी आहेत आणि दोन्ही विचार करण्याचे कष्ट वाचवतात. इस्लामची शिकवण मात्र या दोहोंपैकी एकापाशीही थांबत नाही.

सवारी ही नेमत आहे

प्रथम दुसरे उत्तर पाहू. दिव्य कुरआनच्या सूरह अन्-नहलमध्ये (16:8) अल्लाहने घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख आपल्या देणग्यांत केला आहे आणि त्यांचे दोन उपयोग सांगितले आहेत : स्वारी आणि शोभा. म्हणजे वाहन देखणे असणे ही मुळात दोषाची बाब मानलेली नाही. त्याच आयतीत पुढे असेही सूचित केले आहे की ज्यांची माणसाला माहिती नाही अशा वस्तूही अल्लाह निर्माण करतो. सूरह अल्-आराफमध्ये (7:32) अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा व शुद्ध वस्तू हराम ठरविणाऱ्यांना जाब विचारला आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माणसाच्या सुखाच्या बाबींत प्रशस्त घर आणि चांगला शेजारी यांच्या जोडीला सुखकर सवारीही गणली, असे हदीसमध्ये आले आहे.

एका व्यक्तीने प्रेषितांना (स.) विचारले होते की, चांगली वस्त्रे व चांगली पादत्राणे आवडणे हा अहंकार आहे काय? त्यावर प्रेषितांनी (स.) अल्लाह सौंदर्यवान असून त्याला सौंदर्य प्रिय असल्याचे सांगितले आणि अहंकाराची व्याख्या केली ती अशी की, सत्य नाकारणे व लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे अहंकार. तेव्हा केवळ गाडी महाग आहे म्हणून तिच्या मालकाला नावे ठेवण्याचा अधिकार शेजाऱ्याला मिळत नाही. साधी गाडी वापरून मनात दुसऱ्याला हलका समजणारा मनुष्यही या व्याख्येत सापडू शकतो.

एकच घोडा, तीन मालक

आता पहिले उत्तर. ऐपत असली की प्रश्न संपतो काय? सहीह बुखारी व सहीह मुस्लिममधील एका प्रसिद्ध हदीसमध्ये घोड्यांविषयी तीन प्रकारचे मालक वर्णिले आहेत. एकासाठी घोडा पुण्याचे साधन ठरतो, कारण त्याने तो अल्लाहच्या मार्गात ठेवला. दुसऱ्यासाठी तो आडोसा ठरतो, कारण आपल्या गरजा भागाव्यात व कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्याने तो पाळला आणि त्यातील अल्लाहचा हक्क तो विसरला नाही. तिसऱ्यासाठी तोच घोडा ओझे होतो, कारण त्याने तो मिरवण्यासाठी व दिखाव्यासाठी बाळगला.

या हदीसमध्ये घोड्याची किंमत, जात वा रंग कोठेही विचारलेला नाही. तोच प्राणी तिघांसाठी तीन वेगळ्या गोष्टी ठरतो. फरक पडतो तो नीयतीमुळे आणि वापरामुळे. मोटारीच्या बाबतीतही दुकानातील किमतीच्या पाटीवरून निर्णय होत नाही. आपण ती का घेत आहोत, कशातून घेत आहोत आणि घेतल्यावर तिचे काय करणार आहोत, यांवरून तो होतो.

गरज, सोय आणि शोभा

इस्लामी विद्वानांनी, विशेषतः इमाम गझाली आणि त्यांच्यानंतर इमाम शातिबी यांनी, मानवी हिताच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : जरूरियात, म्हणजे ज्यांच्यावाचून जीव, धर्म, बुद्धी, वंश वा मालमत्ता धोक्यात येते त्या बाबी, हाजियात, म्हणजे ज्यांनी अडचण व त्रास दूर होतो त्या, आणि तहसीनियात, म्हणजे ज्यांनी जीवन अधिक सुंदर होते त्या. वरच्या पायरीसाठी खालची मोडणे योग्य नव्हे, हा यामागील नियम आहे.

आजच्या मोटारीतील सुविधा या तीन पायऱ्यांवर मांडून पाहाव्यात. सीटबेल्ट, एअरबॅग, ब्रेक जोरात दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि वळणावर घसरू लागलेल्या गाडीच्या एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा या जीवाशी संबंधित आहेत. वैशाख-ज्येष्ठात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा वृद्ध आईवडिलांना तपासणीसाठी नागपूरला नेताना वातानुकूलन ही चैन उरत नाही. ती दुसऱ्या पायरीवरील सोय आहे. छताची सरकती काच, बसण्याच्या जागेला मालीश करणारी यंत्रणा, आतील रंगीबेरंगी दिवे ही तिसरी पायरी झाली. त्यांना हराम म्हणता येणार नाही. मात्र अकोल्याच्या उन्हात छताची काच वर्षातून किती दिवस उघडली जाईल, हा हिशेब खरेदीपूर्वी करण्यास हरकत नाही.

येथे एक गोष्ट समाधानाची आहे. पहिल्या पायरीवरील बहुतेक सुविधा आता केवळ श्रीमंतांच्या राहिलेल्या नाहीत. तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट 1959 मध्ये व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलीन यांनी तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांसाठी खुले ठेवले. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्या देशात ‘भारत एनकॅप’ ही धडक-चाचणी लागू झाली असून मध्यम किमतीच्या अनेक गाड्यांनी तिच्यात पाच तारे मिळविले आहेत. तेव्हा ‘सुरक्षितता हवी म्हणून महागडी गाडी घेतो’ हे कारण आता पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही. ते सांगताना आपण स्वतःशी कितपत खरे बोलतो हे तपासावे.

उंट बांधण्याचे कर्तव्य

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या वर्षी भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 लोक मरण पावले. त्यांपैकी 16,715 जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता आणि 50,029 जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. जी वस्तू गाडीत आहे, जिच्यासाठी वेगळा पैसा द्यावा लागत नाही, तीही आपण वापरीत नाही.

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी मर्सिडीज होती, सुरक्षेच्या सुविधांनी सज्ज होती; पण मागील आसनावर बसलेल्यांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. आपल्या घरांत मागे बसणारे बहुधा कोण असतात? आजी-आजोबा, स्त्रिया आणि मुले. त्यांना पट्टा बांधावयास लावणे हे घरातील कर्त्याचे कर्तव्य आहे. सूरह अल्-बकरामध्ये (2:195) स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटण्याची मनाई आहे. ज्याने ही मनाई पाळली नाही त्याने लाखो रुपये जादा देऊन कोणती सुरक्षा विकत घेतली?

यंत्रावर किती भरवसा?

नव्या गाड्यांतील चालक-साहाय्य यंत्रणा खरोखर उपयुक्त आहेत. काचेमागील कॅमेरा आणि पुढील रडार समोरच्या वाहनाचे अंतर मोजतात, वेळप्रसंगी ब्रेक लावतात, पट्ट्याबाहेर जाणारी गाडी आत वळवतात. चालकाला डुलकी लागली तर अशी यंत्रणा एखादा जीव वाचवू शकते, आणि एक जीव वाचविण्याचे मोल सूरह अल्-माइदामध्ये (5:32) साऱ्या मानवजातीला वाचविण्याइतके मानले आहे. ज्याला रात्री-अपरात्री महामार्गावर प्रवास करावाच लागतो त्याने त्यासाठी पैसे मोजले तर ती उधळपट्टी म्हणता येणार नाही.

परंतु आपल्याकडील गाड्यांतील ही यंत्रणा दुसऱ्या स्तरापलीकडची नाही. तिच्यात जबाबदारी पूर्णतः चालकाचीच राहते. कॅमेऱ्याला पांढरे पट्टे दिसले तर तो मार्ग ओळखतो. वऱ्हाडातील अनेक रस्त्यांवर ते पुसले गेलेले असतात. रात्री मागे दिवा नसलेली, कापसाने लादलेली ट्रॉली, अचानक आडवी येणारी गुरे, हंगामात रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन हे सारे यंत्राला वेळीच उमगेल याची खात्री नसते. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर पुढे जाते. पडद्यावरील संदेश वाचण्यात दोन सेकंद गेले तर 55 मीटर रस्ता न पाहताच पार झालेला असतो.

येथे नैतिक प्रश्न असा की, यंत्र मदतीला आहे म्हणून माणूस बेफिकीर झाला तर दोष कुणाचा? यंत्राला नीयत नाही आणि कयामतच्या दिवशी त्याची चौकशी होणार नाही. सूरह अन्-निसामध्ये (4:92) चुकून झालेल्या हत्येसाठीही खूनबहा व प्रायश्चित्त सांगितले आहे. चालकाच्या हलगर्जीपणामुळे कोणी दगावले तर तेथेही हाच हुकूम लागू होतो, असे आजचे अनेक फिक्हतज्ज्ञ मानतात. ‘माझा हेतू नव्हता’ एवढ्याने शरीअत आपल्याला मोकळे करीत नाही. मग ‘गाडीने ब्रेक लावला नाही’ एवढ्याने ती कशी करील?

गाडीबाहेरची माणसे

कोणी म्हणेल, जीवाचे रक्षण हे शरीअतचे उद्दिष्ट आहे, म्हणून त्यासाठी कितीही खर्च केला तरी तो इसराफ (उधळपट्टी) होत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते अर्धे आहे. 2022 मधील मृतांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरील आणि जवळपास 20 टक्के पायी चालणारे होते. मोठी, जड गाडी आत बसलेल्यांना जपते. बाहेरच्यासाठी मात्र तिचा धक्का अधिक जीवघेणा असतो. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. आपली सुरक्षा जर दुसऱ्याच्या जीवावरील धोका वाढवून मिळत असेल तर तिला जीवरक्षण कसे म्हणावे? प्रेषितांनी (स.) रस्त्याला त्याचा हक्क देण्यास सांगितले आणि वाटेतील पीडादायक वस्तू दूर करणे ही श्रद्धेची शाखा ठरविली. भरधाव गाडी हीच जर वाटेतील पीडा झाली, तर तिच्या चालकाने या शिकवणीत आपले स्थान कोठे आहे ते पाहावे. परम कृपाळू अल्लाहचे दास धरतीवर नम्रपणे चालतात, हे सूरह अल्-फुरकानमधील (25:63) वर्णन आज स्टिअरिंग हाती असलेल्यालाही लागू आहे.

दुसरी बाब पैशाची. जी गाडी व्याजाच्या कर्जावर, मुलीच्या शिक्षणाचा वा आईच्या औषधाचा पैसा वळवून आली, तिच्यातील सर्वोत्तम सुविधाही घराला सुरक्षित करीत नाही. आणि जी गाडी वधूपित्याकडून जहेजच्या नावाखाली वसूल केली गेली, तिच्याविषयी तर चर्चेलाही जागा नाही. निकाहमध्ये महर वराने द्यावयाचा असतो. मोटारीची चावी सासऱ्याकडून घेणाऱ्याने ही व्यवस्थाच उलटी केली आहे.

सूरह अल्-कसस (28:79-80) मध्ये कारून आपल्या थाटामाटात लोकांसमोर आला तेव्हा पाहणाऱ्यांनी त्याच्यासारखे आपल्यालाही मिळावे अशी इच्छा केली, आणि ज्ञानी लोकांनी त्यांना सावध केले. कुरआन येथे मिरवणारा आणि हळहळणारा या दोघांचेही चित्र दाखवितो. आपल्या गल्लीत नवी गाडी आली की आपण यांपैकी कोणत्या बाजूला उभे राहतो, हे ज्याने त्याने ओळखावे.

निर्णय कसा करावा?

वाचक बंधु-भगिनींनो, गाडी घेण्यापूर्वी काही प्रश्न घरात एकत्र बसून विचारावेत. जीवरक्षणाच्या सुविधा पुरेशा आहेत काय? पैसा हलाल आणि व्याजमुक्त आहे काय? जकात, कर्ज आणि आप्तांचे हक्क चुकते झाले आहेत काय? ही गाडी कुणीही पाहणार नसते तरी आपण तीच घेतली असती काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेकांना थोडा वेळ लागेल; तो लागू द्यावा.

आणि घेतल्यानंतरचा एक प्रश्न. एका प्रवासात प्रेषितांनी (स.) ज्याच्याकडे जादा सवारी आहे त्याने ती सवारी नसलेल्याला द्यावी, असे फर्माविले (सहीह मुस्लिम). रात्री शेजारच्या घरात कुणाला प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, कुणा वृद्धाच्या छातीत दुखू लागले, तर आपली गाडी त्याच्या दारी उभी राहील काय, की आसने खराब होतील या काळजीने ती झाकलेलीच राहील? जी गाडी अशा वेळी बाहेर निघते ती महाग असली तरी तिच्या मालकासाठी नेमत आहे. जी निघत नाही ती स्वस्त असली तरी ओझे आहे.

सवारीवर बसताना म्हणावयाची दुआ (43:13-14) आपल्या मुलांनाही पाठ असते. तिच्यात हे वाहन आमच्या ताब्यात देणाऱ्या अल्लाहची पवित्रता वर्णिली जाते, आम्ही स्वबळावर त्याला वश करू शकलो नसतो ही कबुली दिली जाते आणि आम्हाला आमच्या पालनकर्त्याकडे परत जावयाचे आहे याची आठवण केली जाते. गाडी सुरू करण्यापूर्वी ही दुआ अर्थासह म्हणावी, मग सर्वांचे पट्टे बांधले आहेत काय ते पाहावे आणि मगच निघावे.

अल्लाह आपल्या सर्वांना त्याच्या नेमतींचा योग्य वापर करण्याची आणि रस्त्यावरील प्रत्येक जीवाचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.