साधन निर्दोष असतं का? (गीता, अध्याय १८, श्लोक १४)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला चौदावा. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवान इथे अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. भाष्यकार साधारणपणे अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करण म्हणजे इंद्रियं असा अर्थ लावतात. मी आज ‘करण’ हा शब्द जरा ताणणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गेले दोन महिने माझ्यासमोर जे करण आहे ते इंद्रिय नाही, बंदूक आहे.

दचकू नका. मी टेक्सासमध्ये राहतो. वर्क व्हिसावर असताना, काही अपवाद सोडले, तर इथे बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड आलं आणि मग मी एक घेतली. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन एम-वन कार्बाइन, म्हणजे तिची आजच्या काळात बनवलेली प्रतिकृती. रेंजवर कागदी लक्ष्यावर नेम धरायचा, एवढाच तिचा उपयोग. मूळच्या कार्बाइन्स साठ लाखांहून जास्त बनल्या होत्या. बनवणारे बंदूकवालेच होते असंही नाही. टाइपरायटरवाली अंडरवुड, ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओला आणि चक्क आयबीएम! आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट सोडवत नाही.

तर ही प्रतिकृती अडकायची. पंधरा काडतुसांच्या एका मॅगझिनमध्ये एकदा तरी बोल्ट पूर्ण पुढे जायचाच नाही. पुढचं काडतूस चेंबरच्या तोंडाशी तिरकं होऊन बसायचं. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवायची, मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा, चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. हे सगळं झाल्यावरच डोकं चालवायचं.

रेंजवर प्रत्येकाचा एक आरोपी ठरलेला होता. एक आजोबा म्हणाले, “प्रतिकृती घेतलीस तिथेच संपलं.” दुसरा म्हणाला, मॅगझिन. तिसरा म्हणाला, स्वस्तातली काडतुसं. चौथ्याने माझ्या खांद्याकडे बघितलं, म्हणजे दोष माझ्यात. मी ऑफिसात जे करतो तेच इथे केलं, एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि वहीत लिहीत गेलो. काडतुसं बदलली, फरक नाही. नळीखालचा गॅसचा पिस्टन तपासला. बंदूक पुढे-मागे कलती केली की तो टकटक हलल्याचा आवाज यायला हवा, तो येत होता. जुनं लष्करी मॅगझिन लावलं, अडकणं थांबलं. म्हणजे मॅगझिन दोषी? मग पहिलंच मॅगझिन परत लावलं आणि बोल्ट पुढे ढकलणारी स्प्रिंग नवी घातली. तेव्हाही थांबलं!

म्हणजे दोघांतलं कुणीच एकटं दोषी नव्हतं. मॅगझिनच्या वरच्या कडा किंचित फाकलेल्या होत्या, त्यामुळे काडतूस जरा चुकीच्या कोनात वर यायचं आणि बोल्टला जास्त जोर लागायचा. स्प्रिंग जरा मऊ होती, तेवढा जोर तिच्यात नव्हता. दोन्ही एकत्र आले की बंदूक अडकायची. ज्यांनी प्रॉडक्शनमधला बग शोधलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. चौदावा श्लोक मला पाठ होता, पण तो एवढा रोजच्या कामाचा आहे हे त्या वहीत बघताना जाणवलं.

याच कार्बाइनच्या जन्माबद्दलही एक गोष्ट सांगितली जाते. तिच्यातल्या पिस्टनची कल्पना डेव्हिड मार्शल विल्यम्स नावाच्या माणसाची. १९२१ साली एका डेप्युटी शेरिफच्या हत्येसाठी त्याला मोठी शिक्षा झाली, आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या तुरुंगात असताना तो बंदुकांच्या रचनेवर काम करत राहिला. १९२९ मध्ये सुटला. १९५२ साली हॉलिवूडने त्याच्यावर सिनेमा काढला, जेम्स स्टुअर्ट त्यात नायक. तेव्हापासून ‘ही बंदूक विल्यम्सने बनवली’ असं लोक बिनधास्त म्हणतात. प्रत्यक्षात ती विंचेस्टरच्या इंजिनिअरांच्या टीमने उभी केली, विल्यम्सची कल्पना त्यातला एक भाग. सिनेमाला एकच कर्ता लागतो. पुढे सोळाव्या श्लोकात भगवान म्हणतात की जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही. आपण हे फक्त अहंकाराबद्दल वाचतो. दोष देतानाही आपण तेच करतो, हे सहसा सुटतं.

आता खरा प्रश्न. अमेरिकेत राहिलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं, की बंदूक माणसं मारत नाही, माणसंच माणसं मारतात. दुसऱ्या बाजूचे लोक तितक्याच ठामपणे म्हणतात की सगळं त्या बंदुकीमुळेच होतं. पहिलं वाक्य ऐकलं की बंदूकवाल्याला बरं वाटतं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू. साधन निर्जीव आहे, ते निर्दोष आहे, कर्ता मी आहे आणि मी चांगला माणूस आहे. संपलं!

पण गीता ही सुटका देत नाही. ती साधनाला दोषी ठरवत नाही, हे खरं. पण त्याला यादीतून वगळतही नाही. करण हे कर्माचं कारण आहे, कर्त्याच्याच ओळीत बसवलेलं. मग साधन घरात आणणं, त्याला तेल देणं, त्याची स्प्रिंग बदलणं, हे सगळं अजून न घडलेल्या कर्माच्या एका कारणाची तयारी करणं आहे. इथे माझी दुरुस्ती मला टोचायला लागली. आधी ती बंदूक पंधरातून एकदा तरी अडकायची. आता अडकत नाही. पण ती फक्त माझ्यासाठी दुरुस्त करता येत नाही ना! ट्रिगरवर ज्याचं बोट असेल, त्याच्यासाठी ती आता भरवशाची झालीये.

काही जण इथे सतरावा श्लोक पुढे करतील. ज्याला ‘मी करतो’ ही भावना नाही तो मारूनही मारत नाही, असा त्याचा आशय. मला वाटतं हा श्लोक आपल्यासारख्यांनी स्वतःच्या बचावासाठी वापरूच नये. अहंकार गेलेल्या माणसाचं ते वर्णन आहे. रेंजवर दहापैकी नऊ नेम बसले की फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्या माणसाचं नाही.

महाभारतातच साधनाची अखेर काय झाली बघा. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघतो आणि वाटेत लुटारू हल्ला करतात. तोच अर्जुन, तेच गांडीव. पण त्याला प्रत्यंचा चढवताना कष्ट पडतात, अस्त्रं आठवत नाहीत, कधी न संपणारे बाण संपतात. एक-एक गोष्ट बदलून शोधावा असा तो बिघाड नव्हताच. कृष्ण गेले होते. पाचवं कारण निघून गेलं होतं. आणि तरी अर्जुन ते धनुष्य सोडत नाही! महाप्रस्थानाला निघतानाही ते त्याच्याजवळ असतं. शेवटी अग्नीला वाटेत उभं राहून सांगावं लागतं की ते आता वरुणाला परत दे. मग तो ते पाण्यात टाकतो. ज्याने प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून गीता ऐकली, त्याची ही गोष्ट.

आमच्या घरी अग्नीचं काम बायकोने केलं. लेक दोन वर्षांची आहे. बंदूक लोखंडी लॉकरमध्ये असते, काडतुसं वेगळ्या कुलपात दुसऱ्या खोलीत. मी बायकोला सगळी व्यवस्था समजावून सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “ती पंधरा वर्षांची होईल, एखाद्या दिवशी फार दुःखात असेल, आणि तोवर तिला लॉकरचा कोड माहीत नसेल, याची खात्री तू देतोस का?”

अशी खात्री कुठलीच सिस्टिम देत नाही. मी पगार घेतो तोच मुळी या कारणासाठी.

मी अजून ती विकलेली नाही. नेमबाजीत मन जितकं स्थिर होतं तितकं माझं अजून जपातही होत नाही, आणि हे मी बायकोला सांगितलंय. ती म्हणाली, मग रेंजवरची भाड्याची बंदूक का नको? तिथे हे करण रेंजच्या कुलपात राहील आणि नेम तुझ्याकडे. यावर माझ्याकडे जे उत्तर आहे ते फक्त आवडीचं आहे, गरजेचं नाही. खंडेनवमीला शस्त्रपूजा होईल तोवर काय ते ठरवायचं, असं आमचं ठरलंय.

उद्या श्लोक पंधरावा.