न दिसलेले आणि नसलेले

पावसाळ्यात सह्याद्रीवर दिवसेंदिवस ढग बसून असतात. डोंगर हिरवागार झाला आहे, हे पायथ्याशी उभा असलेला गुराखी सहज सांगेल. शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला मात्र ते सांगता येत नाही. त्याला दिसते ती ढगांची पांढरी पाठ. नेमक्या याच महिन्यांत खरिपाची पिके वाढतात आणि त्यांचीच खबर आपल्याला हवी असते. मग जे दिसले नाही, त्याच्या रकान्यात काय लिहावे? प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु मुळात तो सचोटीचा आहे.

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण परतवते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. हिशेब सोपा आहे. पण ढग, धूर, सूर्याचा कललेला कोन, जुने होत चाललेले यंत्र यांपैकी कशानेही आकडा बदलतो. पान मात्र होते तसेच असते. १९९९ साली सोडलेल्या टेरा उपग्रहावरील मोडिस या यंत्राची नजर काळानुसार मंदावली आणि पृथ्वीवरची हिरवाईच ओसरत असल्याचा भास काही नोंदींत उमटला. पुढे त्या नोंदींचा हिशेब नव्याने मांडावा लागला. म्हणूनच सोळा-सोळा दिवसांच्या नोंदींतून त्यातल्या त्यात स्वच्छ नोंद निवडली जाते आणि चित्रातील प्रत्येक चौकोनाबरोबर एक खूण ठेवली जाते : चांगला, बेताचा, बर्फाचा, ढगाळ. यंत्र आपली उणीव लपवीत नाही. ती खूण वाचायची की नाही, हे माणसाच्या हाती असते.

२००५ साली ॲमेझॉनच्या अरण्यात मोठा दुष्काळ पडला. २००७ साली एका शोधनिबंधाने सांगितले, की उपग्रहाच्या नोंदींनुसार त्या दुष्काळात अरण्य कोमेजले नाही, उलट अधिक हिरवे झाले. ढग हटले, ऊन वाढले, म्हणून पालवी फुटली, असा तर्क होता. आणि तो अगदीच अशक्य नव्हता. २०१० साली दुसऱ्या अभ्यासकांनी ढगाळ व धुराने मळलेल्या नोंदी कठोरपणे बाजूला काढल्या. दुष्काळग्रस्त अरण्याच्या सुमारे ११ ते १२ टक्के भागातच हिरवेपणा वाढलेला आढळला. २८ ते २९ टक्के भागात तो घटला होता किंवा तसाच होता. आणि उरलेला भाग? त्याविषयी काहीही सांगता येईल इतक्या चांगल्या नोंदीच नव्हत्या. वाद तेथे संपला नाही. कोरड्या ऋतूत दर वर्षी दिसणारी हिरवाई हा सूर्य व यंत्र यांच्या कोनांचा खेळ आहे, असे २०१४ साली मांडले गेले; तर २०१६ साली अरण्यातील मनोऱ्यांवरच्या कॅमेऱ्यांच्या आधारे, जुनी पाने गळून नवी येतात आणि ऋतुबदल खरा आहे, असे उत्तर आले.

या कथेत कोणी लबाड नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. तरीही मला मोलाचा वाटतो तो अर्ध्याहून अधिक अरण्यासमोर लिहिलेला शेरा : सांगता येत नाही. असा शेरा लिहायला धैर्य लागते. रिकामा रकाना विद्वानालाही लाजवतो. आजूबाजूच्या आकड्यांवरून तो भरता येतो, वक्ररेषा गुळगुळीत करता येते. असे भरणे हे पाप नव्हे. अंदाज केल्यावाचून शास्त्र चालत नाही. परंतु अंदाजाला अंदाज न म्हणता पाहणी म्हटले, की तेथे असत्य सुरू होते. दुष्काळाने अरण्याचे काही बिघडत नाही, असा चुकीचा दिलासा त्यातूनच जन्मतो.

यावर कोणी रास्तपणे विचारील : नोंद निर्दोष होईपर्यंत थांबायचे, तर शेतकऱ्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? दुष्काळ ठरवण्याच्या भारत सरकारच्या २०१६ च्या नियमावलीत उपग्रहाच्या निर्देशांकांना स्थान आहे. ढग हटण्याची वाट पाहत बसणे हाही एक निर्णयच, आणि त्याची किंमत दुसराच कोणी मोजतो. हा आक्षेप खरा आहे. म्हणून शंकेचे निमित्त करून हात बांधून बसण्याचा अधिकार आपल्याला नाही. निर्णय घ्यावा, मात्र त्यातले पाहिलेले किती आणि धरून चाललेले किती, हे ज्याच्यावर तो लागू होणार त्याला कळू द्यावे आणि दुरुस्तीला दार उघडे ठेवावे.

आपल्या महसुली रिवाजात याचे एक साधे उदाहरण आहे. पिकांची पैसेवारी आधी ‘नजरअंदाज’ म्हणून जाहीर होते, मग ‘सुधारित’ आणि शेवटी ‘अंतिम’. व्यवहारात तीत दोष शिरत नाहीत असे नाही. पण पहिल्या आकड्याच्या नावातच तो नजरेने धरलेला आहे, ही कबुली आहे.

शेजाऱ्याविषयी, सुनेविषयी, दूर गेलेल्या मुलाविषयी आपणही मनात आकडे मांडीत असतो. त्यांतले बरेचसे ढगाळ दिवसांचे असतात. जे दिसले नाही ते नव्हतेच, असे आपण किती सहज धरतो! निदान त्या रकान्यासमोर ‘नजरअंदाज’ एवढा एक शब्द आपल्याला लिहिता येईल.